भाव कळेपर्यंत

गेल्या महिन्यात एका रविवारी रद्दीवाला आला. दारातच त्याने शर्टाच्या खिशातून तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक काटा काढला, हुक गठ्ठ्याच्या सुतळीत अडकवला आणि गठ्ठा वर उचलला. आकडे जरा वेळ खालीवर झाले आणि सात किलो दोनशेवर थांबले. "एक मिनिट हं," म्हणून बाबा आत गेले आणि साखरेचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट कापडी पिशवीत घालून घेऊन आले. "आता हे लावा." काट्याने एक किलो तीस दाखवले. "पिशवीचे तीस," बाबा म्हणाले आणि हिशेब जुळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. रद्दीवाल्याला या सगळ्याची सवय आहे. त्याने पाकीट परत केलं, फोनमध्ये बाबांचा नंबर काढून पैसे पाठवले, आत बाबांचा फोन वाजला. गठ्ठा खांद्यावर टाकता टाकता त्याने विचारलं, "काका, जुना मोबाईल आहे का एखादा? बंद पडलेला पण चालतो. चार्जर, लॅपटॉप, काही पण द्या."

"नाही," बाबा म्हणाले. "तसलं काही नाही आमच्याकडे."

टीव्हीखालच्या खणात जुन्या फोनांचा ढीग आहे. तो खण उघडताना अडकतो, इतका ढीग आहे. बाबा खोटं बोलले याचं मला काही नाही. रद्दीवाल्याशी थोडं खोटं बोलणं हा आमच्या घरात व्यवहाराचाच भाग होता. "कोपऱ्यावरचा जास्त देतो" हे वाक्य आई वर्षानुवर्षं म्हणत आली आणि तो कोपरा कुठला हे तिला कुणी कधी विचारलं नाही. मला टोचलं ते वेगळंच. हा माणूस औषधाच्या बाटलीचं बूच वेगळं ठेवतो आणि बाटली वेगळी. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडत नाही, पिशवीलाच लटकता ठेवतो, कारण तो बारका तुकडा कुणीच उचलत नाही. मग पिशवी उलटी करून धुतो आणि बाल्कनीतल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घालतो. घरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही वस्तूला "हिचे किती येतील?" असं विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणारा माणूस दारात गिऱ्हाईक उभं असताना चक्क "नाही" म्हणाला.

बरं, बाबांना नव्याची धास्ती आहे असंही नाही. २०१६च्या नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभे राहून पाय दुखवून घेतल्यावर त्यांनी जी यूपीआयची कास धरली ती आजतागायत सोडलेली नाही. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा स्कॅन करून देतात, आणि भाजीवालीच्या डब्याने रक्कम मोठ्याने पुकारली की इकडेतिकडे बघतात. पेन्शनीसाठी लागणारा हयातीचा दाखला पूर्वी बँकेत जाऊन द्यावा लागायचा. २०१४ मध्ये जीवन प्रमाणची सोय झाली तेव्हा बोटाच्या ठशावर काम व्हायचं, पण वयाबरोबर बाबांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आणि यंत्र त्यांना ओळखेनासं झालं. आता फोनसमोर चेहरा धरून डोळे मिचकावले की दाखला मिळतो. दर नोव्हेंबरात एका सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी उजेडात उभे राहतात आणि फोनकडे बघून गंभीरपणे डोळे मिचकावतात. आतून आईचा आवाज येतो, "झालात का जिवंत?"

रद्दीचा हिशेबही आता फोनमध्ये असतो. आधी तो एका निळ्या डायरीत असायचा. बाबा रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होते. डोंबिवलीहून व्हीटीला रोजची ये-जा. डब्यात लोक वाचून झालेला पेपर सीटवर ठेवून उतरून जायचे, बाबा स्वतःचा पेपर घडी करून पिशवीत घालून घरी आणायचे, कारण गाडीत राहिलेला पेपर म्हणजे महिनाअखेरीला वजनात तेवढी घट. आमच्या दोन खोल्यांत रद्दी कॉटखाली राहायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती बाहेर ओढली की धुळीचा आणि शाईचा एक कोरडा वास सुटायचा, एखादं झुरळ पळायचं, आणि मला नि दादाला वर्गवारीला बसवलं जायचं. मराठी पेपर वेगळे, इंग्रजी वेगळे, कारण इंग्रजीला किलोमागे भाव जास्त. मासिकं वेगळी, गुळगुळीत कागद वजनाला भारी पण भावाला हलका. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा सगळ्यात शेवटी, त्यातली कोरी पानं काढून घेतल्यावर. रविवारी आमच्याकडे इंग्रजी पेपर यायचा तो इंग्रजी सुधारावं म्हणून, असं आम्हाला सांगितलं जायचं. खरं म्हणजे त्याच्या पुरवण्या जाड असायच्या. वर्षाच्या सवलतीची वर्गणी भरली की त्यातला मोठा वाटा रद्दीतून सुटतो हे गणित बाबांनी डायरीच्या पहिल्या पानावर मांडून ठेवलं होतं. आमचं इंग्रजी सुधारलं का, हा प्रश्न त्या गणितात नव्हता.

तेव्हाचा रद्दीवाला हातातला तराजू घेऊन यायचा. एका पारड्यात लोखंडी वजनं. ती कमी पडली की आधी रद्दी तोलून वजनाच्या जागी ठेवायची आणि तिच्यावर पुढची रद्दी तोलायची. दांडीच्या मधल्या दोरीपाशी त्याचा अंगठा काय करतोय, यावर बाबांची नजर. काटा मारलाय हे त्यांना सिद्ध कधीच करता आलं नाही, पण एका महिन्याच्या पेपरचं वजन त्यांना पाठ होतं आणि त्यात अर्धा किलोचा फरक पडला तर ते नुसतं "हंऽ" म्हणायचे. त्या "हंऽ"वर रद्दीवाला एक-दोन रुपये वाढवून द्यायचा. साखरेच्या पाकिटाची पद्धत त्याच "हंऽ"ची पुढची पायरी. लोक म्हणतात इलेक्ट्रॉनिक काट्याने फसवणूक थांबली. बाबांचं म्हणणं, आकडा हिरवा दिसतो म्हणून खरा होत नाही.

कपड्यांचं खातं आईकडे. बोहारीण दुपारी दोनच्या सुमाराला यायची, जेव्हा इमारतीत पुरुष नसत. पाठीवर कपड्यांचं गाठोडं, डोक्यावर भांड्यांची टोपली, आणि जिन्यातून वर चढत येणारी ती लांबवलेली हाक. ती उंबऱ्याबाहेर बसायची, आई आत. एकेक कपडा उलगडला जायचा. साडी असेल तर बोहारीण ती दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरायची, जिथे विरलेली असेल तिथून प्रकाश यायचा, आणि काही न बोलता ती त्या जागेवर बोट ठेवायची. पँट असेल तर गुडघा आणि बूड बघायची. मग टोपलीतून एक झाकण नसलेलं पातेलं पुढे सरकायचं. आई ते परत सरकवायची. एक शर्ट वाढायचा, पातेल्याच्या जागी डबा यायचा. डब्याच्या बुडावर नखाने टकटक करून पत्रा जाड की पातळ हे आई आवाजावरून सांगायची. आमच्या घरातली निम्मी स्टीलची भांडी अशी बाबांच्या शर्टांतून आलेली आहेत. हे सगळं आठवताना गोड वाटतं, आणि म्हणूनच मला त्या गोडव्याचा थोडा संशयही येतो. एका विरलेल्या पँटीवरून आम्ही ज्या बाईशी अर्धा तास घासाघीस करायचो, ती सकाळपासून चालत आलेली असायची आणि आमच्यानंतर तिला आणखी चार जिने चढायचे असायचे. तिने पाणी मागितलं की मी द्यायचे; तिच्यासाठीचा पेला मात्र वेगळा ठेवलेला असायचा. ती मग तसलेच पेले विकायला पुढच्या दारात जायची.

आम्ही कुणी त्याला पर्यावरण वगैरे म्हणत नव्हतो.

बाबांच्या लहानपणी गिरगावात आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं. रिकामी बाटली धुऊन नेली तरच भरलेली मिळायची. बाटली फुटली तर घरात मार बसायचा. तिची चंदेरी पत्र्याची झाकणं मुलं जमवायची. बाबांना ते इतकं पक्कं लक्षात आहे की २०१८च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि दुधाची रिकामी पिशवी परत केली तर पन्नास पैसे मिळण्याची तरतूद आहे असं पेपरात आलं, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन दुकानात गेले. दुकानदार आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हे हसण्यावारी नेण्याचं गिऱ्हाईक नाही. "काका, वरून काही आलेलं नाही," त्याने सांगितलं. बाबा गठ्ठा घेऊन परत आले. बातमीचं कात्रण अजून त्यांच्या पाकिटात आहे. रुपयांचा प्रश्न नव्हता; भाव ठरला होता आणि तो मिळाला नाही, हे त्यांना सोसत नाही.

आईबाबा पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यानंतर काही वर्षांनी २०२०चा लॉकडाऊन लागला आणि पेपर घरी यायचा बंद झाला. बाबा टॅबवर ई-पेपर वाचायला लागले. अक्षर बोटांनी मोठं करता येतं, चष्मा कपाळावर सारून वाचता येतं, यावर ते इतके खूश झाले की पेपर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी तो बंदच करायचं ठरवलं. अडवलं आईने. "मग चकल्या कशावर काढू?" तिने विचारलं. खरंच होतं. कपाटाच्या फळ्यांवर पेपर, भाजी निवडायला पेपर, मुलांच्या चित्रकलेखाली पेपर, खिडकीची काच पुसायला ओला पेपर, पावसाळ्यात बुटांत कोंबायला पेपर. तळलेलं छापील कागदावर काढू नये, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षावाल्यांनी २०१६ मध्येच सांगितलंय हे मी तिला ऐकवलं. तिने पेपरवर एक पांढरा कागद पसरला आणि त्याच्यावर चकल्या काढल्या. वाद मिटला. तेव्हापासून आमच्याकडे एकच मराठी पेपर येतो आणि तो कुणीही वाचत नाही. बातम्या टॅबवर, पेपर वापरायला. रविवारचे ते सात किलो भरायलाही आता बरेच महिने जातात.

त्याऐवजी खोकी वाढलीत. पुठ्ठ्याची, लहान-मोठी, खोक्यात खोकं, आणि आतल्या वस्तूपेक्षा चौपट मोठी. माझ्या मुलाने एकदा फोनची काच झाकायची पातळ फिल्म मागवली होती, ती ज्या खोक्यात आली त्यात आईचं हळदीकुंकवाचं सगळं सामान मावलं असतं. बाबांनी पुठ्ठ्याचीही पद्धत बसवली आहे. खोकं आलं की ते जेवणाच्या टेबलावर कात्री, सुरी आणि सॅनिटायझरची जुनी बाटली घेऊन बसतात. आधी चिकटपट्टी एका दमात ओढून काढायची, कारण चिकटपट्टीवाला पुठ्ठा कमी भावाने जातो. मग नावपत्त्याचं लेबल. ते निघत नाही, खालचा पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन फाटतं. त्यावर त्यांनी उपाय शोधलाय: सॅनिटायझर फवारायचं, जरा थांबायचं, आणि कापसाने पुसायचं. अक्षरं पुसट होत जातात. आधी फोन नंबर, मग फ्लॅट नंबर, मग माझं नाव. ते पूर्ण दिसेनासं झाल्याशिवाय खोकं घराबाहेर जात नाही.

हे लेबलचं प्रकरण पाहताना मला डोंबिवलीची आई आठवली. रद्दीत पत्रं कधी जायची नाहीत. आंतर्देशीय असो की पाकीट, आई ती आधी उभी फाडायची, मग आडवी, मग तुकडे बंबात. बंब नसलेल्या घरात ते तुकडे दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या केरात जायचे. लग्नाची पत्रिका असेल तर गणपतीचं चित्र कापून ठेवायचं, म्हणजे तो कुणाच्या पायाखाली येणार नाही. घराबाहेर जाते ती वस्तू. तिच्यावर लिहिलेलं आपलं काही तिच्याबरोबर जाता कामा नये, ही काळजी तेव्हाही होतीच. कागदाला ते सोपं होतं, फाडला की झालं. फोन फाडता येत नाही.

रोजचा कचरा न्यायला आमच्याकडे 'स्वच्छ'च्या मावशी येतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला. दर महिन्याला प्रत्येक घर ठरलेले पैसे देतं आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते मावशींचं. म्हणजे त्यांच्या मिळकतीचे पाय दोन. बाबांसारखा माणूस कागद, पुठ्ठा, बाटल्या, सगळं भावाचं स्वतः विकून टाकतो तेव्हा मावशींच्या वाट्याला वेफर्सची चकचकीत पाकिटं, सॅशे आणि फुगेवाला प्लास्टिक कागद उरतो, ज्याला कुणी भाव देत नाही. आता तर फोनवर बुकिंग केलं की घरी येऊन भंगार नेणारीही मंडळी आहेत, गणवेश घातलेली, पावती देणारी. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचं फार कौतुक होतं. तीही नेतात भावाचंच.

एकदा मी मावशींना विचारलं, तुमच्याकडे काय फरक पडला? जिन्यात बसून त्या कचरा वेगळा करत होत्या. हातात मोजे होते, पण उजव्या हाताच्या मोज्याची दोन बोटं कापलेली, कारण मोज्यातून प्लास्टिकचा पोत कळत नाही. त्या पिशवी दोन बोटांत चुरगाळतात आणि आवाजावरून ठरवतात कोणत्या पोत्यात टाकायची. आई डब्याचा पत्रा आवाजावरून ओळखायची ते मला तेव्हा आठवलं. "कागद गेला बघा," त्या म्हणाल्या, "खोकी आली. आणि खाण्याचे काळे डबे. रात्री सगळे मागवतात, सकाळी डब्यात रस्सा तसाच." पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायला लागत नाही, हे त्या दर काही महिन्यांनी प्रत्येक मजल्यावर सांगतात. काही घरं काढतात. महिन्याचे पैसे त्या आता क्यूआर कोडवर घेतात. कोडचं कार्ड गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे लावलेलं आहे. "सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवणारे आता सापडलेत," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. बाबांच्या नकळत आई त्यांना धुतलेल्या दुधाच्या पिशव्या देते. नकळत म्हणजे आईच्या समजुतीने. बाबांच्या फोनमधल्या तक्त्यात एक ओळ आहे: 'दूध पिशव्या – मावशी – ०'. दर महिन्याला ते ती ओळ भरतात.

मग राहिला तो खण. एका दुपारी बाबा झोपलेले असताना मी तो उघडला. वर चार्जरांचा गुंता. कुठला कशाचा, देव जाणे. खाली बटणांचे फोन, टॉर्चवाला, मग घसरता कीबोर्ड असलेला दादाचा, मग काच तडकलेले स्मार्टफोन. एकाची बॅटरी इतकी फुगली होती की मागचं झाकण उघडून आत बोट जाईल. ती मी तशीच उचलून बाल्कनीत मातीच्या कुंडीवर ठेवली, कारण फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. बाल्कनीत वर दोरीला टांगलेल्या सीडी फिरत होत्या. कधीकाळी त्यांत माझ्या लग्नाचं चित्रीकरण होतं. आता कबुतरं हाकलतात. कबुतरांना त्याचं काही नाही, ती खुशाल कठड्यावर बसतात.

आवाजाने बाबा उठून आले. मी सरळ विचारलं, त्या दिवशी नाही का म्हणालात?

ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि मला वाटलं होतं तसं काही बोलले नाहीत. फोटो, आठवणी, जुने मेसेज यातलं काहीच आलं नाही. "त्याने किती देतो म्हणून सांगितलं का?" त्यांनी विचारलं. "बंद पडलेल्या फोनचा भाव काय? किलोवर की नगावर? चार्जरमध्ये तांबं असतं, त्याचा वेगळा भाव धरणार का? मला माहीत नाही. ज्याचा भाव मला माहीत नाही ती वस्तू मी विकत नाही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "त्याच्यात सोनं असतं." त्यांनी हे टॅबवर वाचलं होतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जपानी लोकांनी जुन्या वस्तूंतून काढलेल्या धातूची केली. दोन वर्षांत ७८,९८५ टन लहानसहान इलेक्ट्रॉनिक सामान जमलं, शिवाय दुकानांतून ६२ लाखांवर फोन, आणि त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी. बाबांनी भागाकार करून बघितला होता आणि उत्तर फारच लहान आल्यावर तो पुन्हा करून बघितला होता. "तरी नीरज चोप्राच्या गळ्यात कुणाचा तरी बंद फोन आहे," ते म्हणाले. सुवर्णपदकात सोन्याचा मुलामा जेमतेम सहा ग्रॅमचा आणि बाकी चांदी, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

त्यांचं म्हणणं मला हास्यास्पद वाटलं नाही. आमच्या घराची टाकाऊ वस्तूंबद्दलची सगळी शिस्त भावावर उभी होती. कागदाचा, काचेचा, पितळेचा, विरलेल्या साडीचा भाव दोन्ही बाजूंना माहीत होता, म्हणून घासाघीस करता यायची, म्हणून वस्तू हलायची. तंत्रज्ञानाने आपल्याला पैसे पाठवायला शिकवलं, वजन करायला शिकवलं, पण स्वतः भंगारात निघाल्यावर आपली किंमत काय हे सांगितलं नाही. मोबाईलच्या हिरव्या पट्टीवर काय चिकटवलेलं आहे हे बाबांसारख्या हिशेबी माणसालाही दिसत नाही. ज्यांना दिसतं ते एकतर मोठे कारखाने आहेत, नाहीतर पट्ट्या जाळून आणि ॲसिडात बुडवून धातू काढणारी, त्याच धुरात श्वास घेणारी माणसं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी ही जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. ती निभावली जातेय की नाही हे आमच्या खणावरून तरी कळत नाही. आणि रद्दीवाला? त्याचा कागद आमच्याच टॅबने खाल्ला. फोन मागितल्याशिवाय त्याने काय करावं?

त्यानंतर दोनच आठवड्यांत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: रविवारी सकाळी गेटपाशी ई-कचरा संकलन, मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्राकडे जाणार, पावती मिळेल. बाबांनी आधी फोन करून चौकशी केली. किलोला किती? "काही नाही काका, मोफत नेतो," पलीकडून उत्तर आलं. हे बाबांना विचित्र वाटलं, पण पावती म्हटल्यावर ते तयार झाले. सीडी गेल्या. एक मेलेला माऊस, सेट-टॉप बॉक्स, तुटके हेडफोन, चार्जरांचा तो गुंता. फुगलेली बॅटरी मी वेगळ्या डब्यात वाळू घालून नेली. फोन मात्र बाबांनी मोजून दोनच दिले, बाकीचे "भाव कळू दे, मग बघू." गेटपाशी कॉलेजची मुलंमुली टेबल टाकून बसली होती. बाबांनी त्यांच्या काट्यावर साखरेचं पाकीट ठेवायला लावलं. मग चार्जर आणि बाकीचं सामान वेगवेगळं तोला, पावतीत तांब्याचं वजन वेगळं दिसलं पाहिजे, असा आग्रह धरला. मागची रांग वाढत गेली. त्या मुलीने शांतपणे दोन ओळींची पावती केली आणि बाबांच्या फोनवर पाठवली.

एवढ्यात आई मिक्सर घेऊन खाली आली. मोटर जळलेला, जुना, अजूनही हळदीने पिवळा. तिने तो टेबलावर ठेवला, पण वरचा हात काढला नाही.

"ह्याचं काय देता?"

"आजी, आम्ही देत नाही काही. फक्त घेतो."

"आत सगळी तांब्याची वायर आहे," आई म्हणाली. "कंपनीची. वाइंडिंग बघा हवं तर."

"हो आजी, पण आमची तशी पद्धत नाहीये."

आईने मुलीकडे पाहिलं, टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं, ढिगात पडलेल्या बाबांच्या चार्जरांकडे पाहिलं. "एखादं पातेलंसुद्धा नाही?"

मुलगी हसायला लागली. आईने मिक्सर उचलून काखेत मारला आणि लिफ्टकडे चालू लागली. "राहू दे," ती जाता जाता म्हणाली. "मावशींना विचारते, त्यांच्याकडे कोण घेतं."